पावलांचे कागद

“तिचं लक्ष नाहीये तोवर सटका,” पाळणाघराच्या काकू म्हणाल्या, “आणि मागं वळून बघू नका. बघितलंत की संपलं.” काकूंच्या कडेवर एक आणि पायाशी दोन मुलं होती, आणि आवाज दूध उतू जातंय म्हणून सांगावं तितका साधा. ठकी पाठमोरी बसून रिकाम्या डब्यात लाकडी ठोकळे भरत होती. अडीच वर्षांची मान, मानेवर सकाळी घाईघाईत लावलेल्या पावडरीचा पांढरा पट्टा. ठकीची आई निघाली. दारापाशी चपला हातात घेतल्या, टाचा उचलल्या, भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर घेतला आणि दार जेवढं उघडं होतं तेवढ्यातूनच आडवी होऊन बाहेर पडली. कुठे कुरकुर नाही, चाहूल नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक चप्पल पायात आणि एक हातात अशी ती थबकली. काकूंनी सटका म्हटलं होतं, कसं सटकायचं ते काही सांगितलं नव्हतं. ते तिच्या पायांना आधीपासून येत होतं.

दुसरी चप्पल घालून ती रस्त्याला लागली तरी पाय आपले नाहीत असं वाटत राहिलं. आठ वर्षं झाली होती. मधल्या काळात लग्न झालं, दोन घरं बदलली, ठकी झाली, कंबर धरली आणि सुटली, आणि पाय मात्र ती एक सकाळ तशीच घडी घालून ठेवून बसले होते. पर्समध्ये परवा आलेलं पाकीट होतं. परवाच फोडून, वाचून, पुन्हा नीट बंद करून ठेवलेलं. दर वर्षी येतं तसंच जाड तपकिरी पाकीट, कोपऱ्यात परदेशी तिकिटं, आणि बालगृहाच्या मोठ्या सिस्टरांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. फक्त या वर्षी अक्षर जरा थरथरलेलं होतं आणि आत एकाऐवजी दोन कागद होते.

तेवीस वर्षांची असताना ती त्या बालगृहात गेली होती, समुद्रापलीकडे, अकरा महिन्यांसाठी. कॉलेजच्या फलकावर एक चिठ्ठी होती, चाळीस मुलं आहेत, हात कमी पडतात. वडील म्हणाले, “मुलांना सांभाळायला इतकं लांब? आपल्या गल्लीत काय पोरं कमी आहेत?” आई म्हणाली, “घरी स्वतःचं ताट उचलत नाही ती. तिथं चाळीस उचलू दे, जाऊ द्या तिला.” ती गेली. दगडी भिंतींची लांबलचक इमारत, एका टोकाला प्रार्थनेची खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि मधे पोरांच्या खाटांच्या दोन रांगा. पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तुझा धर्म कुठला ते मला माहीत आहे आणि मला त्याचं काही नाही. इथे प्रार्थना म्हणायची सक्ती नाही. भांडी घासायची आहे.” त्या हसल्या नाहीत, म्हणून तीही हसली नाही. पुढे तीन आठवड्यांनी कळलं की तो विनोद होता. मोठ्या सिस्टरांचे विनोद असेच उशिरा पोचायचे, त्यांच्याकडे येणाऱ्या पार्सलांसारखे.

पार्सलं म्हणजे त्या घराचा जीव होता. दूरदूरची माणसं काय काय पाठवायची. तिनं उघडलेल्या पहिल्या खोक्यात लग्नात घालायचे तीन झगे, एकेकटे हातमोजे आणि दात नसलेली करवत निघाली होती. “लोक वाईट नसतात,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्यांना आपलं कपाट दिसतं, मूल दिसत नाही. त्यांना मूल दिसेल असं काहीतरी आपणच पाठवावं लागतं.” म्हणून तिथं पावलांचा दिवस असायचा. वर्षातून एकदा जेवणाची बाकं भिंतीला लावायची, फरशीवर तपकिरी कागदाचे तुकडे मांडायचे, आणि चाळीस मुलांनी अनवाणी रांगेत येऊन एकेका कागदावर उभं राहायचं. पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, खाली नाव आणि वय. मग एकेक कागद एकेका माणसाला जायचा, आणि परत यायचे ते नेमके त्या पावलाचे बूट. “पेन्सिल सरळ धर,” सिस्टरांनी तिला बजावलं होतं. “टोक आत गेलं की पाऊल लहान येतं.”

तिनं सरळ धरली होती. पहिल्या दोघाचौघांना धरली होती. पण पेन्सिलीची दांडी अंगाला घासली की मुलांना गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळायची, पाय हलायचा, कागद वाया जायचा. आणि गुडघ्यांवर बसून तिची पाठ भरून आलेली. दांडी थोडी बाहेर कलती केली की फक्त टोक फिरायचं आणि पोर शांत उभं राहायचं. किती छान जमतंय, असं तिला वाटलं होतं. सदतिसावी आली खारूताई. हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण चार वर्षांची ती मुलगी पावाचे तुकडे उशीच्या अभ्र्यात साठवायची आणि हटकलं की दोन्ही गाल फुगवून बघायची. नावाचा अर्थ तिला कळत नव्हता, पण हाक कळायची. बदल्यात ती हिला मावशी म्हणायला शिकली, तिचं ऐकून सगळी चाळीस मुलं, आणि शेवटी सिस्टरसुद्धा. खारूताईला गुदगुल्या झाल्या नाहीत. ती कागदावर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि पेन्सिल फिरत असताना तिनं हिच्या डोक्यावर हात ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. तेवढाच. पण त्या हाताचं वजन हिला अजून सांगता आलं असतं.

आता ती चष्म्याच्या दुकानात मापं घ्यायची. दोन बुबुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. त्यासाठी गिऱ्हाईकाच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर धरायची आणि म्हणायचं, माझ्याकडे बघा. दिवसातून तीसदा. माणसं लाजायची, हसायची, नजर चोरायची. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काही केल्या बघेनात. “अहो काका, इकडे, माझ्या डोळ्यांत.” “बायकोच्या डोळ्यांत कधी बघितलं नाही एवढं,” काका म्हणाले, आणि दुकानाचे मालक गल्ल्यावरून हसले. तीही हसली, आणि पट्टी तशीच धरून क्षणभर अंक वाचायचे विसरली. या वेळी ठकीनं मागं वळून बघितलं असेल. डबा भरून झाला असेल, भरलेला डबा दाखवायला ती वळली असेल. “किती आलं?” काकांनी विचारलं. “तुमचं पुन्हा घेते,” ती म्हणाली.

बालगृहात निघायची एक रीत होती. येणारे सेवक कुणी तीन महिन्यांचे, कुणी वर्षाचे, येत आणि जात. निरोप घ्यायचा नाही, हा मोठ्या सिस्टरांचा नियम. सकाळच्या प्रार्थनेला मुलं गात असताना मागच्या दारानं निघायचं. तिनं विचारलं होतं, निदान खारूताईला सांगू का. सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या, त्यांनी एक टोक हिच्या हातात दिलं. “तू एक जाशील,” त्या म्हणाल्या. “मला चाळीसांना झोपवायचंय. एक रडली की रांग रडते. दोघींना ताप येतो. मग डॉक्टर. तू तिकडे घरी पोचून चहा पीत असशील.” दोघींनी घडी जुळवत एकमेकींकडे पावलं टाकली, आणि चादर दुमडली गेली तसं बोलणंही संपलं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या पायांना सूज असायची आणि त्या सगळ्यांच्या आधी उठायच्या. त्यांचं खरं असेल, असं तिला वाटलं. आणि आत कुठेतरी, हे तिनं पुढे पुष्कळ दिवस स्वतःलाही सांगितलं नाही, बरंही वाटलं.

पण खारूताई प्रार्थनेच्या खोलीत जाताजाता परत आली होती. खारच ती. हिच्या खाटेवर बांधलेली बॅग बघून दारात उभी राहिली, गाल फुगवून. कुठे, असं तिनं हातानंच विचारलं. आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “टॉवेल वाळत घालून येते. तू जा, गाणं म्हण.” चाळीस टॉवेल रोज तीच वाळत घालायची, मागच्या आवारात, लांब दोरीवर. बॅग घेऊन कुणी टॉवेल वाळत घालायला जात नाही हे चार वर्षांच्या मुलीला कळत नाही, किंवा कळूनही ती विश्वास ठेवते. खारूताई गेली. गाणं सुरू झालं. हिनं बूट हातात घेतले, टाचा उचलल्या.

बॅगेत खारूताईच्या पावलाचा कागद होता. तिनं सिस्टरांकडे मागून घेतला होता, हिचे बूट मीच पाठवणार म्हणून. घरी पोचल्यावर आठवड्यात तिनं पट्ट्याचे निळे बूट घेतले, दुकानदारापुढे कागद पसरून, अगदी तंतोतंत. दुकानदार म्हणाला, वाढत्या पायाचे घ्या ताई, एक माप मोठं. तिला राग आला होता. माप मी स्वतः काढलंय, ती म्हणाली.

सिस्टरांचं पत्र पाच महिन्यांनी आलं. या वर्षी तीन-चार सोडून सगळे जोड घट्ट आले, त्यांनी लिहिलं होतं. आम्ही तोड काढली. प्रत्येकाचे बूट त्याच्याहून लहानाला दिले, सगळं घर एकेका खाटेनं खाली सरकलं, आणि सगळ्यात मोठ्या मुलाला माळ्याचे जुने बूट दिले, तो फार खूश आहे, त्याला मिशी फुटल्यासारखं वाटतंय. तुझी पेन्सिल कलली होती, मावशी. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही एकदा चाळीस झबल्यांना गळेच ठेवले नव्हते. इथवर वाचताना ती हसली होती. मग खाली होतं: फक्त खारूताईनं बूट खाली द्यायला नकार दिला. टाचांना फोड आले तरी बोलली नाही, धोब्याला मोज्यांवर रक्त दिसलं तेव्हा आम्हाला कळलं. मावशी आली की तिला पायात दिसले पाहिजेत, असं म्हणते. ती अजून दुपारी टॉवेलच्या दोरीपाशी जाऊन बसते. तू तिला काय सांगितलं होतंस?

त्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. उद्या लिहू, परवा लिहू. दर वर्षी कागद येत राहिला, पाऊल वाढत गेलं, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलं, आणि दर वर्षी ती मन लावून बूट घ्यायची, आता एक माप मोठे, आणि सोबत मोजे, साबण, कंगवे, केसांच्या पिना. एका वर्षी टॉवेल घ्यायला म्हणून गेली आणि दुकानात टॉवेल हातात धरून इतका वेळ उभी राहिली की दुकानातल्या मुलीनं विचारलं, रंग पसंत नाही का. तिनं ते परत ठेवले. पार्सलात चिठ्ठी कधी नव्हती. नवरा खोक्याला चिकटपट्टी लावताना म्हणायचा, “एक ओळ टाकलीस तर खोकं फार जड होणार नाही.” मग तिचं तोंड बघून म्हणायचा, “बरं, नको. बूट बोलतील.” तो भला माणूस होता, पण त्याला वाटायचं ती आळस करते.

परवाच्या पत्रात होतं: माझ्या हाताला कंप आहे म्हणून पावलांचा दिवस आता खारूताई बघते. बारा वर्षांची झाली. पेन्सिल एकदम सरळ धरते, मुलं खिदळली तर चापट मारते. विणायला शिकली आहे. पहिले मोजे तुझ्यासाठी करायचे म्हणते, पण माप असल्याशिवाय एक टाका घालणार नाही. कोरा कागद तिनंच आत ठेवला आहे. तो कोरा कागद, तोच जाड तपकिरी, कडेला हातानं फाडलेला. खाली नाव आणि वय लिहायच्या दोन ओळी खारूताईनं पट्टीनं आखून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी ती पाळणाघरात पोचली तेव्हा काकू खूश होत्या. “डोळ्यांतून एक थेंब काढला नाही. गुणाची आहे हो. पहिल्याच दिवशी एवढं शहाणं पोर मी बघितलं नाही.” ठकी दारातच होती, चपलांच्या रॅकपाशी, भिंतीला टेकून, मांडीवर काकूंची जुनी रबरी चप्पल घेऊन. “तेवढं एक,” काकू म्हणाल्या, “दुपारभर तिथंच. उचलून आत नेलं की परत रॅकपाशी. इथं काय करतेस विचारलं तर म्हणते, आई चप्पल घालतेय.”

घरी येताना ठकी कडेवर जड झाली होती. तिनं एक हात आईच्या डोक्यावर ठेवला होता, तोल जाऊ नये म्हणून. रस्ता ओलांडताना, भाजीवालीकडे थांबताना, कुलूप उघडताना, तो हात तिथंच होता. रात्रीच्या भाताचा कुकर लावता लावता सासूबाईंचा फोन आला. “रडते का गं ती?” “नाही, आई.” “मग उत्तम. आमच्या वेळी पोरं सकाळी अंगणात सोडायची आणि संध्याकाळी मोजून आत घ्यायची. एखादं शेजारच्यांचं पण यायचं.” “हो, आई.” “आवाज का असा?” “कुकर लावलाय,” ती म्हणाली. कुकरला अजून शिटी यायची होती.

सकाळी ती दहा मिनिटं लवकर निघाली. पाळणाघराच्या फरशीवर ती ठकीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. काकूंनी नुसतीच भुवई उचलली. “ठकी, माझ्याकडे बघ,” ती म्हणाली. दिवसातून तीसदा म्हटलेलं वाक्य. ठकीनं बघितलं. “मी आता दुकानात चाललेय. लोकांचे डोळे मोजायला. तू खेळशील, खाऊ खाशील, झोपशील. झोपून उठलीस की मी येईन.” ठकी विचार करत होती. तिच्या कपाळावर नेमकी तिच्या बाबांसारखी आठी आली. मग ती म्हणाली, “चप्पल नको घालू.” “घालणार. तुझ्या समोर घालणार. बघ.” तिनं एक चप्पल घातली. दुसरी घातली. बंद लावला. आणि ठकी रडायला लागली, जमिनीवर पाठ टेकून, पाय आपटून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. काकूंच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं, मग खिडकीतली दोघं. “घ्या,” काकू म्हणाल्या. “सांगून जायची हौस. आता माझी रांग सुरू.” “चुकलं, काकू,” ती म्हणाली, “पण उद्याही असंच करणार.” “करा. उद्या कापूस घालते कानात,” काकू म्हणाल्या आणि ठकीला उचलून खांद्यावर टाकलं.

ती दारातून समोरच्या समोर बाहेर पडली, टाचा टेकवत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती बसली. रडणं दारातून येत होतं, भिंतीतून येत होतं, पायरीतून वर येत असल्यासारखं वाटत होतं. तिनं ते ऐकलं. त्या वेळी, तिकडे, तिनं काही ऐकलं नव्हतं. गाणं चालू होतं आणि गाण्यात एक आवाज कमी होता की नव्हता हेही तिला कधी कळलं नव्हतं. ऐकू येऊ नये म्हणूनच ती गाण्याच्या वेळी निघाली होती, आणि टॉवेलचं सांगितलं ते त्या मुलीनं रडू नये म्हणून नाही, आपण ते बघू नये म्हणून. हे आता इतकं सरळ समोर आलं की तिला दचकायलाही झालं नाही. आत रडणं उतरत गेलं, हुंदक्यांवर आलं, एकदा उगाच वर चढलं, मग काकूंचा आवाज, मग ठोकळे डब्यात पडल्याचा खडखडाट. ती उठली. दुकानात उशीर झाला होता. मालकांनी घड्याळाकडे बघितलं आणि ती म्हणाली, “मुलगी रडत होती,” आणि आश्चर्य म्हणजे ते एवढंच म्हणाले, “माझी नात पण.”

संध्याकाळी ठकी रॅकपाशी नव्हती. आत होती, कुणाचे तरी केस ओढत. आईला बघून ती धावत आली, आधी तिच्या गुडघ्यावर एक फटका मारला, मग गुडघ्याला मिठी मारली. “झोपून उठले,” ती तक्रार केल्यासारखी म्हणाली. “म्हणून तर आले,” आई म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवरा पंखा पुसत होता तेव्हा तिनं तपकिरी कागद काढून फरशीवर पसरला आणि त्यावर उजवं पाऊल ठेवलं. खाली वाकून पेन्सिल फिरवायला गेली तर भार सरकायचा, टाच उचलायची, रेघ तुटायची. आपलं माप आपल्याला घेता येत नाही हे दुकानात इतकी वर्षं काढून तिला माहीत असायला हवं होतं. “मी येऊ का?” नवरा स्टुलावरून म्हणाला. पण ठकी आधीच पोचली होती. तिनं पेन्सिल मुठीत धरली, जीभ बाहेर काढली आणि आईच्या पावलाभोवती निघाली, करंगळीपासून, हळूहळू, कुठे पावलाला खेटून तर कुठे चार बोटं लांब, टाचेपाशी कागद संपून फरशीवर आणि फरशीवरून परत कागदावर. खूप गुदगुल्या झाल्या. ती हलली नाही. पाय उचलल्यावर बघितलं तर पाऊल होतं त्याहून बरंच मोठं आलं होतं, एखाद्या राक्षसिणीचं असावं तसं. “हे पाठवणार?” नवऱ्यानं विचारलं. “ती पोर गोणपाट विणत बसेल.” “तिला पेन्सिलीचं सगळं कळतं,” ती म्हणाली. “शेजारी खरा आकडा लिहिते.”

आखलेल्या ओळींवर तिनं नाव लिहिलं, मावशी, आणि वय. मग पावलाच्या आतली कोरी जागा तिला दिसली, ठकीनं मोठं पाऊल काढल्यामुळे तिथं पुष्कळ जागा होती. टाचेपासून सुरुवात करून तिनं सिस्टरांच्या त्या भाषेत, जी आता अडखळत आठवत होती, लिहिलं: त्या दिवशी मी टॉवेल वाळत घालायला गेले नव्हते. मी घरी जायला निघाले होते आणि परत येणार नव्हते, आणि ते मला माहीत होतं. तुला सांगायला हवं होतं. तू रडली असतीस, ते मी ऐकायला हवं होतं. निळे बूटही माझ्यामुळेच घट्ट झाले. मोजे विणावेसे वाटले नाहीत तरी चालेल, पण तुला मला काही बोलायचं असेल तर लिही, मी उत्तर देईन. एवढ्यात बोटांपर्यंत जागा भरली. बोटं तिनं मोकळी ठेवली.

पेन्सिल ठेवायला गेली तर ठकी कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यावर चढून उभी होती, दोन्ही पाय जुळवून, पावडरीची मान ताठ. “आता माझं,” ती म्हणाली. “माझं पण पाठव.” ती पुन्हा गुडघ्यांवर बसली. ठकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पेन्सिलीची दांडी लागताच ठकी खिदळली, पाय हलला. “हलू नकोस,” ती म्हणाली, ठकीचं हसू ओसरेपर्यंत थांबली, आणि पेन्सिल सरळ धरून पुन्हा टाचेपासून निघाली.